राणीचा रुसवा

दोष मनोहररावाचा. म्हणजे माझ्या मोठ्या बाबांचा — बापाचा सख्खा मोठा भाऊ, या मिठाईच्या दुकानाचा मालक, तो भिंतीवरचा फेटेवाला फोटो. काय झालं ताई? अशा काहून पाहून राहिल्या? हो, बोलतो मी. चांगला बोलतो. पाटीवर काय लिहिलं आहे तेही वाचलं — 'जन्मजात मुक्या कारागिराच्या हातचा राणीचा रुसवा'. वाचता येते मले, नववीपर्यंत शिकलो. तो मोबाईल आधी खाली ठेवा. मोठे बाबा कळमन्याच्या बाजारात गेले, संत्री आणायले. दारातल्या टोपलीत मांडायले हो, आत कशाची संत्री! तुम्ही आत्ता डोळे मिटून 'अहाहा' केलं ना — ते दूध पावडर, कॉर्नफ्लोअर अन् बाटलीतला वास. शेंबडासारखं थरथरते ते.

एका दिवाळीत संत्रा बर्फी जमलीच नाही, परातीत नुसती थलथलत राहिली. दुसऱ्यानं नालीत ओतली असती. आमच्या मोठ्या बाबांनं वाटीत भरली अन् गोष्ट बनवली — राणी रुसली, कोणाशी बोलेना, मग एका मुक्या आचाऱ्यानं हे ढवळलं, तिनं चाटलं अन् हसली. तेव्हापासून म्हणे हे मुक्यानंच ढवळावं, बोलत्या माणसानं पळी धरली की फाटते. कोणती राणी? विचारा ना त्यायलेच! गिऱ्हाईक पाहून राणी बदलते त्यायची. अन् तुमच्यासारखे शिकलेलेच जास्त येतात, रुसलेल्या बायकोसाठी डबे नेतात. एक प्रोफेसर सांगून गेले, बायको बोलली म्हणे. काय बोलली ते नाही सांगितलं.

मी मुका कसा झालो? घसा बसला होता. बस, एवढंच. टॉन्सिल सुजलेले, हातात पळी, अन् एका म्हातारीनं विचारलं, 'नाव काय गा तुझं?' मी तोंड उघडलं, आवाजच नाही. मोठे बाबा लगेच म्हणाले, 'मुका आहे माय, जन्माचा. त्याच आचाऱ्याच्या घराण्यातला.' म्हातारी रडली. माझ्या पाया पडली ती, नववीतल्या पोराच्या! दुसऱ्या दिवशी रांग लागली. घसा बरा झाला, पण रांग काही हटली नाही. आमच्या शाळेचे सरही गिऱ्हाईक — मग वर्गात बोललो तर दुकानात मुका कसा? म्हणून शाळाच बंद. बाप म्हणाला, 'अंकुश, काही दिवस गप राह्य गा, दादाचा शब्द आहे.' आई म्हणाली, मोठ्यांपुढं बोलू नये. घ्या, नाही बोललो. या भट्टीपाशी मिसरूड फुटलं मले. आवाज फुटला तो मी संडासात नळ सोडून ऐकला. अन् घरातले सगळे शहाणे लोक त्या रुसव्याच्या जोरावर जेवून ढेकर देत होते. बापसुद्धा. हो, बापसुद्धा! मेला म्हणून काय झालं?

मागच्या आठवड्यात. तुम्ही काहून रडता आता? पुसा ते. घाटावर अर्धे लोक आमचे, अर्धे गिऱ्हाईक. एक बाई तर मलेच दाखवून पोराले सांगत होती, 'तो पाह्य, रुसवावाला.' बापाले लाकडांवर ठेवलं अन् माझं तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं, छातीतून वर आलं होतं. मोठ्या बाबांनं खांद्यावर हात ठेवला. लोकायले वाटलं, धीर देऊन राहिले. बोटं रुतवली अन् कानात म्हणाले, 'लोक पाहून राहिले, अंकुश.'

गाडी वाजली. तेच आले. वाटी तिथंच ठेवा अन् निघा. कोणाले सांगू नका — त्यायच्या भल्यासाठी नाही म्हणत, मुका बोलला हे कळलं तर त्याचीही पाटी लावतील ते, राणीच्या कृपेनं वाचा फुटली म्हणून. जा म्हटलं ना ताई.

बापाले हाक नाही मारली मी.