सोवळ्यातला मुद्देमाल

जबाब देणार : सौ. वच्छला चंद्रभान भोयर, वय ४६ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार वाडी, अमरावती रोड, गोदामांच्या मागे, नागपूर. दिनांक १३ मे १९८६, मंगळवार. जबाब राहत्या घरी घेतला. ठाण्यात का येता आले नाही ते खाली सांगितले आहे.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, माझे पती ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम आहेत. आमची पुढची खोली कु. शामला गावंडे हिला भाड्याने दिली आहे. ती कॉलेजात उंदरांवर संशोधन करते. मुलगी चांगली आहे. दिवा विनाकारण जळत ठेवत नाही.

परवा रविवारी सकाळी शामला रिक्षातून जाळीच्या झाकणाची एक पेटी घेऊन आली. पेटीवर ओले फडके होते. कॉलेजातल्या उंदरांच्या खोलीचा कूलर जळाला आणि स्टोअरकीपर महादेवराव काटोलला लग्नाला गेले, असे तिने सांगितले. ती म्हणाली, "काकू, या गर्मीत हे संध्याकाळपर्यंत जगत नाहीत. महालक्ष्मीची खोली द्याल का?"

ही खोली भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकासाठी उघडते. एरवी बंद असते. जाड भिंती, उत्तरेची खिडकी, घरात तेवढीच थंड. मी साफ नाही म्हटले. आम्ही गोदामाचे उंदीर पिंजरा लावून धरतो, आणि हिचे उंदीर देवीच्या खोलीत ठेवायचे काय, असे विचारले.

तेव्हा तिने मला समजावले ते असे. शरीरात रोग शिरला की पहाऱ्यावरच्या पेशी दुसऱ्या पेशींना हाक मारतात. त्या हाकेला सायटोकाइन म्हणतात. एक हाक 'उठा' म्हणते, दुसरी 'आता पुरे' म्हणते. हाक ऐकायला पेशीच्या अंगावर जणू कान असतात, त्यांना ग्राही म्हणतात. या उंदरांचे एक जनुक जन्मतःच बिघडलेले आहे, म्हणून त्यांच्या पेशींवर तसला एक कान तयारच होत नाही. हाक जाते, पण कोणी उठत नाही. आपल्याला नुसती सर्दी होते, तेवढ्याने हे मरतात. कोणती हाक ऐकू येत नाही म्हणजे शरीराचे काय बिघडते, हे तिला यांच्यावरून शोधायचे आहे.

मी म्हटले, "हाक मारली तरी उठत नाही, हे तर आमच्या घरी लग्नापासून पाहून राहिली मी." माझे पती तेव्हा पलंगावर होते. ते तरीही उठले नाहीत.

मग यांना काय लागते असे विचारले. ती म्हणाली, उकळलेले पाणी, उकळलेले कपडे, आंघोळ केल्याशिवाय कोणी शिवायचे नाही, तोंडाला फडके, बाहेरची वस्तू आत नाही. मी म्हटले, अगं, हे तर सोवळे झाले. एवढे मला येते. खोली उघडून दिली. मी पेटीवर गोमूत्र शिंपडायला घेतले, तो तिने माझा हातच धरला. शुद्ध असेल पण उकळलेले नाही, म्हणाली. हे मला अजून पटलेले नाही, पण उंदीर तिचे आहेत. पाणी आणि कपडे एकाच स्टोव्हवर उकळले, रॉकेल वाचवले.

आज सकाळी हवालदार रुपराव आणि महादेवराव असे दोघे आले. किमती जातीचे सहा उंदीर चोरीस गेले, अशी महादेवरावांची तक्रार होती. "गेट पास कुठं आहे?" एवढेच ते विचारत होते. शामला म्हणाली, "काका, गेट पास तुमच्या कपाटात, अन् किल्ली तुमच्यासंग काटोलले. मी कोणाले मागू?" हवालदार म्हणाले, पेटी बाहेर आणा, मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या मालखान्यात जमा होईल.

शामलाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "साहेब, मले न्या. पेटी नका नेऊ. तिथं एका दिवसात मरतील. चार वर्षं झाली मले यांच्यापायी."

हवालदारांनी मान्य केले की मालखान्यात आधीच उंदीर आहेत आणि ते चपला खातात. पण मोजल्याशिवाय पंचनामा होत नाही, आणि मुद्देमालाला आरोपीचा हात लागू देता येत नाही, म्हणून शामलाने अंगणातच थांबावे, असे ते म्हणाले.

मी म्हटले, "मोजा ना. पण आधी आंघोळ करा."

"काहून जी? सकाळीच केली."

"मग सायकलवर आले, पोलिसाचा पट्टा बांधला. चामडं आत चालत नाही."

महादेवराव हसले आणि हसता हसता शिंकले. त्यांना सर्दी आहे. शामला दारात आडवी उभी राहिली. मी त्यांना लिंबाखाली खाट टाकून दिली आणि तिथून हलू नका म्हणून बजावले.

हवालदारांनी मोरीत आंघोळ केली. माझ्या पतींचे उकळलेले सोवळ्याचे धोतर नेसले, तोंडाला फडके बांधले. महादेवराव खाटेवरून ओरडले, "रुपरावजी, आता आरतीच म्हणा गा!" हवालदार आत गेले. मीही आंघोळ करून त्यांच्या मागे आत गेले.

जाळीतून मोजताना ते तीनदा थांबले. मग आतूनच म्हणाले, "महादेवराव, तक्रार सहाची हाय ना? इथं तर जास्त दिसून राहिले. कापसात बोटाएवढे लाल लाल हायेत."

अंगणातून शामला ओरडली, "पिल्लं? साहेब, हलतात का? पोटाकडं पहा. कातडीतून पांढरं दिसते का?"

हवालदार वाकले. बराच वेळ वाकूनच होते. मग म्हणाले, "हलतात. पाचहींच्या पोटात पांढरं दिसते. खडूचा ठिपका दिल्यावानी."

शामला हसायला लागली. मला वाटले रडते आहे, पण हसतच होती. तो ठिपका म्हणजे आईचे दूध. आधीच्या तीन खेपांना माद्या विताना मेल्या, नाहीतर त्यांनी पिल्लांना पाजले नाही. आई-बाप दोघेही त्या कानाने बहिरे आणि पिल्लू जिवंत, असे तिला आजपर्यंत मिळाले नव्हते.

महादेवराव म्हणाले, पिल्लेही कॉलेजचीच. शामला म्हणाली, "कॉलेजचीच लिहा काका, तुमच्या नावावर लिहा. फक्त शिंकू नका." यावर महादेवरावांनीही रुमाल तोंडाला लावला, आणि आपणहोऊन खाट आणखी मागे सरकवली.

मी स्पष्ट सांगते की ही चोरी नाही. पेटी उजेडात, पुढच्या दाराने आली. गोदामाच्या हमालांनी पाहिली. विचारले असते तर मीच सांगितले असते.

हवालदारांनी सहा मोठे उंदीर व पाच पिल्ले माझ्याकडे सुपुर्दनाम्यावर ठेवली आहेत. शामला व महादेवराव एकाच रिक्षाने कॉलेजात प्रिन्सिपॉलसाहेबांची लेखी परवानगी आणायला गेले आहेत. शामला पुढे ड्रायव्हरजवळ बसली. ते परत येईपर्यंत पाणी बदलायला सोवळ्यात मी एकटीच आहे, म्हणून ठाण्यात येता आले नाही. बोलावणे आल्यास मी येईन. उंदीर येणार नाहीत.

हा जबाब हवालदारांनी अंगणात उभे राहून खिडकीतून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. सहीसाठी त्यांचा पेन हातात घ्यावा लागला, त्यामुळे मला पुन्हा आंघोळ करून आत जावे लागेल. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.