भाकऱ्या काढल्याशिवाय सेल मारायचा नाही

...आणि वर मलाच विचारायल्यात, गाडीतल्या भाकऱ्या काढल्याशिवाय सेल मारलासच कसा! ऐकलं का? गाडी माझी, चावी माझी, हाताला आलेले फोड माझे, आणि सेल मारायला, म्हणजे गाडी सुरू करायला, परवानगी कुणाची? तर बचत गटाची! दारापुढं गल्लीभर बायका, कंबरेवर हात ठेवून उभ्या, आणि त्यांच्या मधोमध माझी आई, सख्खी आई बरं का, ती पण त्यांच्याच बाजूनं! मी काय बोललो? काही नाही बोललो. मनात लई बोललो.

पण थांबा, असं मधनंच सांगितलं तर तुम्ही पण त्यांच्याच बाजूचे व्हाल. पहिल्यापासून सांगतो.

मी सिद्धांत. माझी शाळा नववीत सुटली. म्हणजे शाळा तिथंच आहे, मी सुटलो. सर उभं करायचे, प्रश्न विचारायचे, मला उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही! सरांना वाटायचं अभ्यास नाही, आईला वाटायचं नजर लागली, शेवटी मी गुरुशांतअण्णांच्या सीट कव्हरच्या दुकानात लागलो आणि तुम्हाला सांगतो, इतकं बरं वाटलं... सीट काही विचारत नाही हो! मापं घ्या, रेक्झिन कापा, शिवा, चढवा. दिवसभर बोलायची गरज नाही.

तर अण्णांच्या दुकानामागं एक गाडी पडलेली. त्यांच्या वडिलांच्या वेळची. स्टेशन वॅगन. बघितलीये कधी? नाही ना? सोपं आहे, साधी कार घ्यायची, तिला मागं डिकीच्या जागी आणखी एक खोली काढायची, खोलीला चारी बाजूनं काचा लावायच्या, झाली स्टेशन वॅगन! आता तिच्या बॉनेटमधनं एरंड वर आलेला, मागच्या खोलीत मांजर व्यालेलं, चाकं मातीत रुतलेली, पण मला ती आवडायची. का? ती पण कुणाशी बोलत नव्हती.

आता मला ती हवी कशाला होती? लग्नाला! हसू नका. जेऊरचे पाहुणे येऊन गेले, मी त्यांच्यासमोर बसलो, त्यांनी नाव विचारलं, मी चहा प्यालो. शिक्षण विचारलं, मी आणखी चहा प्यालो. जाताना त्यांनी आईला बाजूला घेतलं, "वहिनी, पोराला ऐकू येतंय न्हवं?" आई म्हणाली, "येतंय की! बोलत न्हाई एवढंच!" झालं, नकार.

मग मोहोळचं स्थळ आलं. मुलीचं नाव अपेक्षा. फोटो बघितला आणि मी एका गाडीच्या सगळ्या सीटांना कव्हरं उलटी चढवली, शिवण वर, फुलं आत. आणि आमचे मानसिंगमामा, म्हणजे मध्यस्थ, त्यांना वाटलं पोरगा बोलत नाही तर आपणच बोलावं, आणि त्यांनी मोहोळात जाऊन काय सांगितलं? "पोराची सोताची गाडी हाय!" माझ्याकडं सायकल पण नाही हो! मोहोळचे खूश. म्हणाले, "मग असं करा की, अक्षयतृतीया झाली की आमी घर बघायला येतो, पोराला गाडी घेऊन यष्टी स्टँडवर पाठवा." मामा घरी आले, पेढा तोंडात, "भाच्या, काम केलंय बघ!" मी काय बोललो? काही नाही बोललो. मनात लई बोललो.

दुसऱ्या दिवशी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. गाडीकडं बोट केलं. अण्णा घरी कन्नड बोलणारे, त्यांना एवढं पुरलं. "तगो, तगो! घेऊन जा की बे! माझी जागा तरी मोकळी होईल!" फुकट दिली! आता जगात फुकट गाडी कोण देतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता की नाही? नाही पडला. मला एकच दिसत होतं, गाडी सुरू झाली तर अपेक्षा, नाही झाली तर परत जेऊर.

टेम्पोला दोर बांधून गाडी घरी आणली, अंगणात ढकलली आणि ती बसली... अशी बसली की अंगण उरलंच नाही! एका बाजूला रस्त्याच्या फाटकापाशी, दुसऱ्या बाजूला घराच्या दारापाशी. आता घरात जायचं कसं? तर रस्त्याच्या बाजूनं गाडीचं दार उघडायचं, गाडीत चढायचं, पलीकडच्या दारातनं उतरायचं की डायरेक्ट आमचा उंबरा! दूधवाला गाडीतनं. पोस्टमन गाडीतनं. गॅसचं सिलिंडर, तुम्हाला सांगतो, गाडीतनं! आणि माझे वडील धोंडिराम, दादा म्हणतो मी त्यांना, रिटायर एसटी कंडक्टर... त्यांना तर हुरूपच आला! गाडीच्या दारात उभे, "पुढं सरका, पुढं सरका, मधी थांबू नका, हितं उंबरा हाय, उतरा सावकाश!" शेजारच्या बाईला वाटी हातात घेऊन साखर मागायला यायचं होतं, तिला पण, "चला, आत या, मागं जागा हाय!"

आता दुरुस्ती. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकायचं ठरवलं. व्हिडिओतला तो गोरा माणूस, त्याची ती चकचकीत शेड, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने, तो गाडीला हात लावायच्या आधी कॉफी पितो, मग गाडीकडं बघतो, मग परत कॉफी पितो. मी पण चहा घेऊन गाडीकडं बघितलं. काहीच कळलं नाही. मग म्हणलं, आपल्याला जे येतं तिथनं सुरुवात करावी. मला काय येतं?

सीटा!

काय सीटा केल्या तुम्हाला सांगू! मरून रंगाचं रेक्झिन, पांढरी पायपिंग, डायमंड शिलाई, मागच्या खोलीत पण मऊ गादी, हात फिरवला तर हात परत यायचं नाव घेईना! इंजिन बंद, चाकात हवा नाही, ब्रेक नाहीत, पण सीटा अशा की नवरदेवानं लाजावं. दादांना म्हणलं, बसा. म्हणजे हातानं दाखवलं. दादा टोपी नीट करून बसले आणि... कर्रर्र! दादा खाली! सीटसकट! खालचा पत्रा गंजून पापड झालेला हो, तो मी बघितलाच नव्हता, कारण मला गाडी सीटपासून वरच माहिती! आता दादा गाडीत पण आहेत आणि अंगणाच्या फरशीवर पण आहेत, गुडघे कानाला लागलेले, पण माणूस एसटीचा, चेहऱ्यावर सुरकुती हालली नाही. तिथनंच म्हणाले, "च्या आण. गाडी ब्रेकडाऊन हाय."

मग रज्जाकचाचांना बोलावलं. जुने मिस्त्री. त्यांनी वाकून बघितलं, दादांना सलाम केला, कारण दादा अजून तिथंच होते, आणि मला म्हणाले, "क्या रे बाबा, लोगां पैले जमीन बनाते की पैले गादी बिछाते?" मी काय बोललो? काही नाही बोललो. मनात... मनात पण काही सुचलं नाही तेव्हा.

सगळ्या सीटा परत काढल्या. घरात ठेवल्या. आम्ही मरून रेक्झिनवर बसून आमटी जेवायला लागलो. चाचांनी खाली नवा पत्रा मारला, गाडी आतनं मोकळी झाली, काचा बंद, आणि इकडं एप्रिल लागला. सोलापूरचा एप्रिल! कावळे पण पंप हाऊसच्या सावलीला उभे राहतात. आणि अशा दुपारी आईनं काय करावं? कावळे नकोत, शेजारची शेळी नको, म्हणून चार ज्वारीच्या भाकऱ्या गाडीत ठेवल्या आणि विसरली.

संध्याकाळी दार उघडलं आणि... कडक! कशा कडक! आपली सोलापूरची कडक भाकरी माहितीये ना तुम्हाला, पातळ, पापडासारखी, महिनाभर टिकणारी, शेंगाच्या चटणीबरोबर खाताना शेजारच्या घरात आवाज जातो ती? उन्हात वाळवा, पलटा, शेळी हाका, धूळ झटका, एवढी कटकट असती तिची. आणि हितं? धूळ नाही, माशी नाही, शेळी काचेला नाक लावून नुसती बघतीये! आईनं एक तुकडा मोडला. कटकन! आणि तिनं गाडीकडं असं बघितलं, असं बघितलं... माझ्याकडं पण कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाकऱ्या आल्या. मग गल्लीच्या आल्या. मग रेश्माकाकू आल्या, बचत गटाच्या अध्यक्ष, त्यांनी गाडी आतनं-बाहेरनं बघितली आणि आईला म्हणाल्या, "राजश्रीताई, ही गाडी न्हवं, हा कारखाना हाय!" दादांनी मधनं जायची वाट सोडून आत बांबूच्या फळ्या बांधल्या, छतापर्यंत. पुण्यासनं ऑर्डरी यायला लागल्या. माझी आई, जी आजवर दुसऱ्याच्या घरच्या पोळ्या लाटत होती, ती फोन कानाला लावून, "व्हय व्हय, पाठवते की, वाळू तर द्या!" आता सांगा, अशा आईला मी काय म्हणणार?

आणि मी? मी बॉनेटखाली. "सिद्धांत, धूर करू नगंस, भाकरीला वास लागंल!" "सिद्धांत, ठोकू नगंस, तडा जातोय!" "सिद्धांत, काच पूस की रे, ऊन नीट येईना!" मी काच पुसायचो! रज्जाकचाचा इंजिनासाठी यायचे, पण दार उघडायचे मागचं. "आज इंजन नक्को बाबा, आज बाजरे की निकली. इंजन का क्या, लोखंड हाय, बासी नै होता!"

तरी केलं हो. मी आणि चाचांनी मिळून, बाजरी आणि ज्वारीच्या मधल्या वेळात, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, एरंड मुळासकट काढला, चाकं, ब्रेक, बॅटरी, सगळं. आणि अक्षयतृतीया झाली आणि मोहोळच्या लोकांचा दिवस उजाडला.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेर आलो. बघतो तर गाडी गच्च! कुणाच्या तरी लग्नाची ऑर्डर, खालपासून वरपर्यंत भाकऱ्याच भाकऱ्या, आणि बायका न्यायला दुपारी येणार. स्टँडवर मोहोळची एसटी लागायची वेळ झालेली. मी म्हणलं, नुसता एकदा सेल मारून बघू. एकदाच! मग भाकऱ्या हळूच उतरवू. चावी फिरवली. घुर्रर्र... नाही. घुर्रर्र... नाही. परत फिरवली आणि देवाशप्पथ सांगतो, गाडीच्या अंगात आलं! धडधडधड, बॉनेट नाचतंय, आरसे नाचताहेत, उंबरा नाचतोय, पूर्ण गल्लीत निळा धूर, आणि मी ओरडलो! मी! "झाऽऽली! सुरू झाऽऽली!" आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला. एवढ्यात मागनं पण आवाज आला.

कड्. कड् कड्. कडकडकडकड...

बंद केली. मागं वळलो. छतापर्यंतच्या भाकऱ्या आता सीटभर उंचीच्या झाल्या होत्या. चुरा!

आवाजानं गटाच्या बायका धावत आल्या आणि मग तेच, सुरुवातीला सांगितलं ते. सेल मारलासच कसा! रेश्माकाकूंनी चावी काढून कमरेला खोचली, आई डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसली, आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. स्टँडवर वाट बघून बघून मोहोळचे लोक स्वतःच आले! आणि दादांना काय सांगू, त्यांची सवय, "या, या, पुढं सरका, सांभाळून, पायाखाली भाकरी हाय!" अपेक्षाचे वडील चढले, आई चढली, मामा चढले, कचर्र कचर्र करत पलीकडं उतरले. शेवटी अपेक्षा चढली. आणि मध्येच थांबली. वाकून एक तुकडा उचलला, बांबूवरचा, स्वच्छ. खाल्ला. इकडं तिकडं बघितलं. म्हणाली, "चटणी आहे का?"

तिच्या वडिलांनी माझ्याकडं वळून विचारलं, "गाडी हीच न्हवं? चालती का?"

आता बघा. चालत नाही म्हणावं तर मामा खोटे, मी खोटा, परत जेऊर. चालते म्हणावं तर लोक म्हणणार, चला मग, फेरी मारू, आणि उद्यापासून कारखाना बंद, आई परत दुसऱ्याच्या घरी लाटायला. सगळे माझ्याकडं. चहा पण समोर नव्हता हो! आणि माझ्या तोंडातनं निघालं,

"चालते. पण भाकऱ्या मोडतात."

संपलं. एवढंच. आई उंबऱ्यावरनं बघायला लागली, कारण एवढं मोठं वाक्य मी घरात पण बोललो नव्हतो. अपेक्षाचे वडील म्हणाले, "बोलतंय की पोरगं!" आणि अपेक्षा हसायला लागली, हातात भाकरीचा तुकडा, माझ्या शर्टाकडं बघून, धुरानं काळा झालेला, आणि म्हणाली, "मग उभीच राहू दे की. एवढ्या लोकांचं चाललंय तिच्यावर. आणि ह्या चुऱ्याला चटणी लावा, पाकिटात भरा, हा पण जाईल."

रेश्माकाकूंनी तिला तिथंच गटात घेतलं. लग्न नंतर ठरलं.

आणि अट मुलीकडची! हुंडा नाही, मानपान नाही, फक्त गाडी जागची हलवायची नाही. वरात टेम्पोतनं निघाली. गाडीत पाहुण्यांच्या भाकऱ्या होत्या.

आता अपेक्षानं स्कूटी घेतलीये, ऑर्डरी पोचवायला. चालवते तीच, मागं मी, मांडीवर भाकऱ्यांचा डबा. आणि आपल्या सोलापूरचे रस्ते तुम्हाला माहितीच आहेत. खड्डा दिसला की ती ओरडते, "अहो, उठा!" आणि मी डबा छातीशी धरून पायदानावर अर्धा उभा राहतो, गुडघ्यांत वाकून, खड्डा सरेपर्यंत तसाच, म्हणजे सगळा दणका मला बसतो आणि भाकरीला कळत पण नाही. कालच रज्जाकचाचांनी चौकात बघितलं. म्हणाले, "वाह बाबा! गाडी का काम सीखने निकला था, अब खुदीच शॉकअप बन गया!"

मी काय बोलणार? डबा होता हो हातात.