गोळ्याची खालची बाजू

हौसा : हा गोळा पण उकलला वो. बरोबर मधोमध.

भिकाजी : उकलूंदे. बदाम जून असतील.

हौसा : मघाशी साखर जाडी होती. त्याच्या आधी हवा दमट होती. आता बदामावर आलात.

भिकाजी : तू मध्ये बोलू नको गो. मेमसायबाच्या केकवर नऊ गोळे बसायचेत, मोत्यासारखे पांढरे, कुठं सांधा म्हणून दिसता नये. चार वाजता बाबू बटलर येईल न्यायला. पसंत पडले तर बंगल्यावर कायमची जागा हाय, ठावं हाय ना?

हौसा : ठावं हाय म्हणून तर इचारतंय. आत केकचा चुरा नि मुरंबा, वर बदामाची पोळी. एवढंच ना? मग त्या पोळीच्या दोन वाट्या कशाला करता?

भिकाजी : दोन वाट्या जोडल्या की गोळा झाकला. बारा वर्षं मुंबईच्या बेकरीत केकचा मिस्त्री होतो मी. मना शिकवू नको.

हौसा : नाय शिकवत. पण तिथं ह्यो सांधा कसा बुजवायचात, तेवढं सांगा.

भिकाजी : ते... ते खाली व्हायचं.

हौसा : खाली म्हंजे कुठं?

भिकाजी : टेबलाच्या आड.

हौसा : आड? नि तुमी टेबलाच्या कुठल्या अंगाला होतात?

भिकाजी : पाणी आण जरा.

हौसा : पाणी तुमच्या पुढ्यातच हाय. कुठल्या अंगाला होतात?

भिकाजी : बाहेरच्या.

हौसा : बाहेरच्या?

भिकाजी : काचेच्या बाहेर. कोळशाच्या आवारात एक खिडकी होती गो. तिच्यातनं वरचं तेवढं दिसायचं. पोळी घातलेली दिसायची. गोळा उचलून खाली काय करायचे, ते नाय दिसलं. बारा वर्षांत नाय दिसलं.

हौसा : नि ह्यो केक? ह्यो तर झ्याक झालाय.

भिकाजी : कोळसा घालायला भट्टीपाशी जायचो ना. भाजणं कळतं. एक म्हातारा होता, तो सांगायचा काय काय. पण टेबलापाशी कोण येऊ देतो?

हौसा : पत्रात तर लिवलं होतंत, डोक्यावर पांढरी टोपी असते. यमुनाबाईनं ते पत्र सगळ्या वाडीला वाचून दाखवलंन. मी पुढं बसून ऐकलं.

भिकाजी : टोपी होती. गोणपाटाची. पोती वाहायला.

हौसा : बावीस साली बोटीत बसलात, ते चौतीसला उतरलात. मना एकदा पण नेलं नाय मुंबईला. दुसरं पत्र मना अजून पाठ हाय. ‘तुझे हात शेणामातीचे. चार लोकांत माझी लाज जाईल.’ बारा वर्षं मी हे हात उलटेसुलटे करून बघत बसले वो.

भिकाजी : तू आली असतीस तर मना बघितलं असतंस. तोंड काळं, नखं काळी. लाज माझी होती गो. ती तुझ्या हातांवर ढकलली मी.

(भिकाजीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, तेवढंच हलकं वाटलं असतं. पण हौसानं हात घासून धुतले, तळव्याला बोटभर तूप चोळलं आणि पाट स्वतःकडं ओढून घेतला.)

हौसा : सरा जरा. एकच पोळी लाटतंय. जाडी नको, पातळ पण नको.

भिकाजी : पोळी गोळ्यावर टाकलीस की चुण्या पडतात. दहा वेळा केलंय मी.

हौसा : पडूंदे. गणपतीत एकवीस मोदक ह्याच हातांनी वळते मी. मोदकाच्या कळ्या वर घेतात, ह्याच्या खाली घेऊ. हे बघा, आधी गोळ्याला मुरंब्याचा रस, म्हंजे पोळी धरते. मग तळव्यानं वरनं खाली ओढत न्यायची, हळू. आता उलटा केला. कळ्या एकत्र आल्या? पीळ दिला, जास्तीचं चिमटीनं तोडलं. नि आता दोन तळव्यांत फिरवायचा.

भिकाजी : सांधा कुठं गेला गो?

हौसा : कुठं जातोय? तळव्यात जिरला. तुमी पोळ्या लाटा, मी वळते.

भिकाजी : हौसे.

हौसा : काय?

भिकाजी : बाबूला सांगू नको.

हौसा : मी नाय सांगायची. बारा वर्षं वाडीत तुमची टोपी मिरवली मी. आज ती काढीन काय?

भिकाजी : असं बोलू नको गो. तोंड कुठं लपवू मी?

हौसा : आधी पोळी लाटा. आठ ऱ्हायलेत.

बाबू : भिकाजीदादा, चार वाजले! झाले का गोळे? वा! हा खरा मुंबईचा हात! शोधून सांधा सापडायचा नाही.

भिकाजी : बस, बाबू.

बाबू : बसायला वेळ कुठला? मेमसाबचा हुकूम आहे, मिस्त्रीला बरोबर आणा, पाहुण्यांसमोर गोळे त्यानंच लावायचे. जागा झालीच समजा तुमची. अहो वैनी, तुम्ही जरा लांब व्हा. गोळ्यांना हात नका लावू, शेणागोठ्याचे हात तुमचे.

हौसा : लांबच हाय वो मी.

भिकाजी : तिला लांब करू नको, बाबू.

बाबू : मी तुमच्याच कामासाठी म्हणतोय, दादा. डाग पडला तर?

भिकाजी : नऊच्या नऊ तिनं वळलेत. मना येत नाय. गोळे लावायला तिला ने.

बाबू : वैनीनं? मग बेकरीत बारा वर्षं तुम्ही काय करत होतात?

भिकाजी : कोळसा फोडत होतो, बाबू. खिडकीच्या बाहेर.