‘वा’चा काना

हॅलो?

हॅलो… कोण?… जरा मोठ्यानं बोल, मागे कुणीतरी भिंत फोडतंय… खरंच भिंत फोडतायत? मग ठीक आहे. हल्ली आपल्या गल्लीत दिवसाला एक भिंत पडली नाही तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

अगं, तू होय! कोपऱ्यावरची पुस्तकवाली! बोल, बोल. पाटी पोचली? न्हाव्यानं नीट आणली ना खाली?… टांगलीसुद्धा? वा! कशी दिसतेय?…

हिरव्यावर पिवळं, उठून दिसणारच. मी तुला म्हटलं नव्हतं? त्या आतून दिवे लावलेल्या प्लास्टिकच्या पाट्या म्हणजे नुसता नखरा. हातानं रंगवलेल्या पाटीला कसं, एक…

काय नाही?

काना नाही? कुणाला काना नाही?… ‘वा’ला? अगं, अख्ख्या पाटीवर शब्द एक, ‘वाचनालय’. त्यात ‘वा’ एक. तोही पहिलाच. पहिल्याच अक्षराचा काना विसरायला मी काय काल धंद्यात आलोय?… बरं, मग आत्ता तिथे काय वाचता येतंय?…

‘वचनालय’.

…

नाही, नाही, हसलो नाही. खोकला आला.

हो… हो… अगं ऐक ना, रडू नकोस. पाच वाजता उद्घाटन आहे, ठाऊक आहे मला. आत्ता साडेचार, तेही ठाऊक आहे, ठोका ऐकला ना मी घड्याळाचा… हो, नोकरी सोडून दुकान टाकलंयस. वडील म्हणाले होते, आजकाल पुस्तकं कोण वाचतं. सांगितलंयस तू मला. तीनदा सांगितलंयस… आता ते येणार आणि पाटी बघून म्हणणार, हिला तर नावसुद्धा… नाही म्हणणार गं. बाप आहे तो. मनात म्हणेल फार तर.

फीत कोण कापणार?

कोण?

शाळेतल्या मोठ्या बाई? त्या… आलेल्या पत्रांवर लाल पेन्सिल चालवून परत पाठवतात, त्या?… अगं पोरी, चौथीला होतो मी त्यांच्याकडे! त्र्याऐंशीच्या झाल्यात, पण अजून त्या रस्त्यानं निघाल्या की दुकानदार आपापल्या पाटीपुढे उभे राहतात, झाकायला. तुला दुसरं कुणी मिळालं नाही? एखादा पुढारी बोलवायचा. त्याला कुठे वाचता येतं!

बरं, बरं, चेष्टा नको. आता नीट ऐक, तो काना मी विसरलेलो नाही. मुद्दाम मागे ठेवलाय… मुद्दाम म्हणजे काय, जुनी रीत आहे आमच्या धंद्यातली. फीत कापली की पाहुण्यांच्या हातून पहिल्या अक्षराला काना द्यायचा. शकुन असतो तो… कधी ऐकली नाहीस? नवी आहेस तू गल्लीत… तुझे आजोबासुद्धा पाट्या रंगवायचे?

मग राहिलं. नाही तशी काही रीत.

पण हे पुढचं सांगतो ते खरं आहे हं. यात कानामात्रेचाही फरक… म्हणजे, समजून घे. तुझ्या समोर ती काचेची व्यायामशाळा आहे ना, जिथे लोक घाम गाळून धावतात आणि कुठेच पोहोचत नाहीत? तिथे आधी काय होतं सांग… पाळणाघर! दोघी बहिणी चालवायच्या. पाटी माझी. आणि काना राहिला. ‘पळणाघर’! पहिल्या दिवशी चौदा पोरं ठेवली, चौदाच्या चौदा पळाली. एक तर मला पुलापलीकडे सापडलं, दातसुद्धा आले नव्हते त्याला… अगं रांगतच! पण रांगण्याचा वेग बघशील तर… दोघींनी हात टेकले, पाळणे मोडीत दिले. आणि वीस वर्षांनी तिथेच पळायची यंत्रं आली. कुणी आणली? ती चालवणाऱ्या त्या दंडवाल्या पोरानं? छट्! पाटीनं आणली. आपल्या गल्लीत पाटी आधी लागते, धंदा मागून येतो.

बरं, ते चीजचं दुकान घे. नाकावर चष्मा आणि गळ्यात ॲप्रन घातलेली ती बाई चालवते, ते. तिथे बेकरी होती. माझ्या हातून मात्रा राहिली. ‘ताजी बकरी, रोज सकाळी सहाला.’ दुसऱ्या दिवशी पहाटे बादल्या घेऊन रांग! बेकरीवाला आठवडाभर सगळ्यांना समजावत होता, शेवटी कंटाळून त्यानं एक बकरी आणून बांधलीच. आता बघ, त्याच जागेवर शेळीच्या दुधाचं चीज. चिमटीत मावेल एवढा तुकडा, आणि लोक डोळे मिटून खातात.

आणि तो संगीताचा क्लास आहे ना, तिथे होता सुतार. त्याचा उकार माझ्याकडून…

बरं, नाही सांगत. ‘सतार’ झाली एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.

खाली ये म्हणतेस? कुंचला घेऊन?… येतो की. म्हणजे… तीन जिने आहेत गं. आणि गुडघा… काल पळत उतरलो होतो? कुणी पाहिलं?… तो मी नव्हे. नाही, न्हाव्याच्या हातात कुंचला देऊ नकोस! त्याला एकदा हात लावला की दोन्ही बाजू सारख्या करायची खोड आहे. काना देईल आणि ‘च’च्या कडा भादरून ठेवेल.

कोण आलं?… बघ बघ, गिऱ्हाईक असेल. मी धरतो फोन. धरतो, तू जा.

…

(अरे, भिंत फोडायचं थांबलं वाटतं.)

…

हं, बोल. कोण होतं?… कडेवर बाळ घेतलेली बाई. काय म्हणाली?… “इथे वचन द्यायचं म्हणजे काय करायचं?” मग तू काय म्हणालीस?… घाबरून तोंडातून निघून गेलं? काय निघून गेलं?… “पुस्तक पंधरा दिवसांत परत आणायचं वचन द्यायचं.” आणि?

दोन पुस्तकं घेऊन गेली! आणि तो तुझा चार पानांचा फॉर्म? तो, ज्यात आईचं माहेरचं आडनाव पण विचारलंयस?… भरलाच नाही. मग?… वहीत एक ओळ लिहिली, खाली सही केली, गेली. “दिलं वचन,” म्हणाली?

बघ! आठवडाभर तू दारात फॉर्म घेऊन उभी होतीस आणि लोक समोरच्या फुटपाथनं जात होते. आज एक काना कमी काय झाला…

आता कोण?… दंडवाला? त्याला काय हवंय?… म्हणतो, आयुष्यात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, एक पुरं वाचायचं वचन द्यायचंय? मग घे की लिहून! जाड नको देऊ, हातात जड उचलायची सवय असली तरी डोक्याला नसते… आणि न्हावीही उभा आहे? तो काय वचन देतो?… रहस्यकथांचा शेवट गिऱ्हाइकाला सांगणार नाही! अगं, हे छापून लाव भिंतीवर. माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून खुनी कोण ते सांगितलंय त्यानं मला. मान हलवून ‘सांगू नको’ म्हणायचीही सोय नव्हती.

हसतंय कोण एवढं?… स्पीकरवर ठेवलायस मला? कधीपासून?… बकरीपासून. किती जण आहेत?… चीजवाली पण? नमस्कार म्हण तिला. म्हणावं, शेळीचं वाईट वाटून घेऊ नका.

आता कसं, सगळे आहातच तर सुताराचं ऐकाच. तो सुतार एकदा रंधा घेऊन…

हॅलो?

सगळे गप्प का झाले?… पोरी? फोन लागलाय ना?… काय कुजबुजतेस? कोण आलं?…

आत्ता? पाचला येणार होत्या ना!… पाटी वाचतायत? अजून?… एवढं काय आहे वाचण्यासारखं, पाच अक्षरं… माझं काय? मला द्यायला सांगतायत? नको. अगं नको, म्हणावं तो जेवायला बसलाय. म्हणावं…

हो, बाई. नमस्कार, बाई.

नाही, बाई, बसलेलो नाही. उभाच आहे… आत्ताच राहिलो उभा.

हो, बाई, मीच रंगवली… ‘वचन’ अधिक ‘आलय’. अ अधिक आ, आ… ‘वचनालय’. म्हणजे शब्द बरोबर आहे?… “शुद्धलेखन बरोबर, दुकान चुकीचं.” हो, बाई… नाही, हसत नाही. हसायची हिंमत आहे का माझी!

‘ना’चा?… ‘ना’चा काना जाड आहे? किती जाड?… दुप्पट.

…

सांगतो, बाई. माझी पद्धत अशी, की आधी नुसती अक्षरं लिहून घ्यायची. मग कुंचला एकदाच भरायचा आणि सगळे काने शेवटी, वरून खाली, दम न तोडता. यात दोन होते. दोन्ही दिले, बाई. मोजून दिले… दोन्ही ‘ना’लाच मिळाले असणार. म्हणजे तसा तो हरवला नाही, एक घर सोडून शेजारी राहायला गेला…

हसलात? बाई, तुम्ही हसलात?

नाही, नाही, तुमचा आवाज तसाच आहे… मला दिसतं का? दिसतं ना. दिसतं की. उजेडात चांगलं… भर उजेडात म्हणजे…

नाही, बाई.

नाही दिसत. धुकं पडल्यासारखं असतं. गेल्या हिवाळ्यापासून. आधी डाव्याला झालं, मग उजव्यानं डाव्याचं बघून लिहिलं… अक्षर बोटांनी चाचपतो. शिरोरेषा कळते हाताला, गाठ कळते… पण रंग ओला असला तर हात लावता येत नाही. म्हणून तो ‘ना’…

नाही सांगितलं कुणाला. का म्हणजे… बाई, वीस वर्षं मला कुणी विचारलं नाही. प्लास्टिकच्या पाट्या आल्या, मी खिडकीत बसून भिंती पडताना मोजत होतो. आणि आता हीच नवी पोरंपोरी जिने चढून येतात, म्हणतात, आजोबा, आम्हाला हाताचीच पाटी हवी. चीजवालीला हवी, दंडवाल्याला हवी. रंगाऱ्याला दिसत नाही असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी जिना चढेल का कुणी?

हो, बाई. काढता येतो मोतीबिंदू. अर्ध्या तासाचं काम असतं, ऐकलंय… भीती? मला?… हो, बाई. भीती.

बाई, तो स्पीकर बंद केलाय ना?…

चालूच होता. म्हणजे सगळ्यांनी…

काय म्हणतेय चीजवाली?… थांबते? कशासाठी?… माझे डोळे बरे होईपर्यंत बिनपाटीचं दुकान चालवेल? आणि दंडवाला?… तोही. त्याला सांगा, त्याच्या पाटीत मी एकही… बरं, नाही सांगत. गप्प बसतो.

हो, बाई, ऐकतोय. पोरगी वही घेऊन बसलीय? माझं पण?… पूर्ण वाक्यात. हो. “मी उद्या सकाळी डॉक्टरांना डोळे दाखवीन.” … ‘दाखवीन’चा ‘वी’ दीर्घ. हो, बाई… टाळाटाळ करणार नाही, हेही लिहा… न्हावी येईल सोबत. बरं. वाटेत त्याला रहस्यकथा काढू देऊ नका म्हणजे झालं.

पाटीचं काय करू, बाई? काना द्यायला येऊ का खाली?… नको? राहू दे? पोरगी काय म्हणतेय?… तिला हेच हवंय? आणि तिचे वडील?… आलेत? काय करतायत?… वहीत लिहितायत! काय लिहितायत?… सांगत नाहीत, हातानं झाकून लिहितायत. लिहू द्या, बाई. वाकून बघू नका.

माझ्याकडे अजून काय काम?… तुमच्या फाटकावरची? तिथे तर कधीच पाटी नव्हती… कुणाचंच अक्षर पसंत पडलं नाही? साठ वर्षांत? आणि आता मी? नुकतीच माझी परीक्षा घेतलीत ना तुम्ही…

नाही, नाही, करतो! नाही कुठे म्हटलं? नाव लिहून कशाला देता, बाई, पाठ आहे मला. चौथीत शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहिलंय. त्यात दोन काने…

तीन?

कधीपासून?… पहिल्यापासूनच. मग तेव्हा का नाही सांगितलंत?… तपासलीच नव्हती वही! शंभर ओळी, बाई! बोटं दुखली होती माझी!

बरं… बरं. तीन तर तीन. तिन्ही देईन.

हो, वाजले पाच, ऐकला ठोका. तुम्ही कापा फीत, मी वरून टाळ्या वाजवतो… फाटक तेवढं पुसून ठेवायला सांगा, बाई. मी आलोच डोळे पुसून.

ठेवतो.