मशिनीतली मेंढरं

सिदू : म्हाळसा, चप्पल घाल. मांजरसुंब्याला टॅक्टर उभा हाय. मुकादम थांबणार न्हाई.

सुंदरराव : सिदूभाऊ, बसा तरी. नववीतली पोर आहे. ऊस तोडायला नेता तिला?

सिदू : शेक्रेटरी, तुमच्या डेअरीत दूध न्हाई, तरी तुमाला खुर्ची हाय. मेंढरं इकल्यावर आमाला काय राह्यलं? कोयता. आन कोयत्याला दोन माणसं लागत्यात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर न्यायची.

सुंदरराव : गेल्या साली हिच्या आई साखराबाई होत्या ना तुमच्याबरोबर?

सिदू : शिमग्यात फडावरून आली आन पोटातली पिशवी काढावी लागली. तवापासून तिला नीट वाकता येईना. डाक्टर म्हणला, वजन उचलू नका. मी तर मुकादमाला दोन माणसं सांगून बसलोय.

सुंदरराव : शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालंय. आईबाप तोडीला गेलेली मुलं तिथं राहतात. म्हाळसाचा अर्ज मी भरून ठेवलाय. म्हणजे... तुम्हाला न विचारताच भरला. चुकलंच असेल माझं. फक्त तुमची सही राहिली आहे.

सिदू : कावून भरला? तुमची कोण लागती ती?

म्हाळसा : आबा, काकांना नका बोलू. मीच म्हणले होते.

सिदू : तू म्हणलीस! म्हंजे तू हितं दुधाचं मशिन बडवीत बसायचं आन बापानं एकट्यानं फडात मरायचं.

सुंदरराव : दूध बंद झाल्यापासून कॉम्प्युटर नुसता झाकून ठेवला होता. मला त्यात फॅट आणि डिग्री टाकण्यापलीकडं काही येत नाही. हिनं पुस्तक वाचून वाचून त्याला वाजायला लावलं.

सिदू : वाजायला? बँडबाजा हाय का त्यो?

म्हाळसा : एकदा ऐका, आबा. मग येते मी.

(कॉम्प्युटरमधून मेंढरांच्या गळ्यातल्या घाट्यांचे आवाज येऊ लागतात.)

सिदू : कुणाची मेंढरं आली? शेक्रेटरी, दार लोटा, आत शिरतील.

सुंदरराव : बाहेर कोणी नाही, सिदूभाऊ.

सिदू : न्हाई कसं? ही काजळीची घाटी. ही तांबडीची... गेवराईच्या बाजारात मेंढरासंगं घाट्या बी दिल्या मी. तुला कुठं घावल्या?

म्हाळसा : कानात होत्या. प्रत्येक आवाजाला एक आकडा असतो. आकडा लिहायचा, ऐकायचं, नाही जुळला की दुसरा. काजळीचा सापडायला अकरा दिवस लागले.

सिदू : आन लंगडी?

म्हाळसा : ती शेवटी. ही बघा, आली.

सिदू : हॅट! ती कधी आलती का इतक्या लौकर? ओढ्यातच रेंगाळायची.

म्हाळसा : मग किती थांबवू?

सिदू : एक बिडी होईस्तोवर.

म्हाळसा : आबा, त्याला सेकंदात सांगावं लागतं.

सिदू : सेकंद-बिकंद मला ठावं न्हाईत. तू वाढवीत जा, मी सांगतो.

म्हाळसा : आता?

सिदू : अजून.

म्हाळसा : आता?

सिदू : हां. आता आली.

सुंदरराव : शाळेतल्या मुलीही येतात हल्ली. आपापल्या घरचे आवाज सांगतात हिला.

म्हाळसा : पाच शाळा झाल्या माझ्या. कळप हलला की शाळा सुटायची. सगळीकडं ‘मेंढरावाली’ म्हणून मागं बसवलं. इथं वर्गातली छबी म्हणाली, आमच्या विहिरीच्या रहाटाचा आवाज करून दे. विहीर आटली, रहाट मोडून पडलाय. तो केला तर रडली ती. आता माझ्याबिगर डबा उघडत नाहीत त्या पोरी.

सिदू : शेक्रेटरी, कुठं करायची सही?

सुंदरराव : इथं. या रेघेवर.

म्हाळसा : थांबा. मोळी कोण नेणार मग?

सिदू : तुझी आई येते म्हणली.

म्हाळसा : कधी म्हणली?

सिदू : आज सकाळी. पोरीला नका नेऊ म्हणली. मी ऐकलं न्हाई तिचं. कमरेला फडकं आवळून बांधलं, घागर उचलून दाखवली मला.

म्हाळसा : भरलेली?

सिदू : रिकामी. भरायला पाणी कुठंय?

म्हाळसा : सही नका करू, आबा.

सुंदरराव : म्हाळसा, अगं विचार कर जरा. पुढच्या साली हे वसतिगृह असेल का, ते मला... मला नाही सांगता येत.

म्हाळसा : केला विचार. बंद करा मशिन, काका. आवाज आत राहतात, पुसले जात नाहीत. कसे लावायचे ते छबीला दाखवलंय मी.

सुंदरराव : चहा तरी घ्या. कोरा आहे, पण...

सिदू : नगं. उशीर झाला.

म्हाळसा : आबा, कोयता कुठल्या हातात धरायचा?

सिदू : उजव्या. डाव्यात ऊस.