टाउन की त्साउन?

...मग मी करायचं तरी काय होतं, तुम्हीच सांगा! पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि होणारा व्याही फोनवर म्हणतो, "हिनरिक, आपल्या दोन घरांच्या मधे छानसं टाउन करू या! अर्धं तुम्ही, अर्धं मी!" आता एगबर्ट पडला डच, ओढ्यापलीकडचा; मी जर्मन, अलीकडचा. त्याचं टाउन माझ्या कानात शिरलं ते त्साउन होऊन. त्साउन म्हणजे आमच्यात कुंपण! म्हटलं, वा रे वा! अजून बोटात अंगठ्या गेल्या नाहीत आणि हा कुंपण घालायला निघाला? घालतो की! असं घालतो, की तुझी कोंबडीसुद्धा डोकावणार नाही! शब्द एकच हो... पण घोळ केवढा!

कुंपण उभं राहिलं, आणि एगबर्ट आला तो हातात फुलांची रोपं घेऊन. चेहरा असा पडला त्याचा... "नातं नको होतं, तर तोंडानं सांगायचं होतंत!" गेला की पाठ फिरवून! माझी थेडा रडून रडून लाल. "बाबा, ते बाग म्हणत होते, बाग! त्यांच्यात टाउन म्हणजे बाग!" आता लग्न मोडतं की काय!

आणि घरात ही रडारड चाललेली असताना आमची मेहुणी, आल्मुट, जुन्या भाषा शिकवते ती, आनंदानं टाळ्या पिटतेय! "भावजी, दोघंही बरोबर! मूळ शब्द टूनन! माहेर म्हणे केल्ट लोकांकडचं! लिहिलेला कुठेच सापडत नाही, म्हणून लिहिताना त्याच्या आधी चांदणी काढतात. नातवंडांच्या नाकाडोळ्यांवरून आजी ओळखायची! आजीच्या वाटणीत तुम्ही उचललंत कुंपण, डचांनी आतली बाग, आइसलँडवाल्यांनी घराजवळचं गवताचं रान, आणि इंग्रजांनी? अख्खं गाव!" म्हटलं, इंग्रज ते, सोडतायत होय! शब्द एकच हो, शब्द एकच...

मी कुंपण उपटलं. फळी न फळी! आज सकाळी त्याच्या दारात जाऊन म्हटलं, "चुकलो हो, व्याही! बाग तर बाग!" तर त्यालाही आल्मुटनं आधीच गाठलेलं! गळ्यात पडला माझ्या, डोळे पुसले, गाडी दाखवली. गाडीभर वेली गुलाब! "हिनरिक, तुमच्या त्साउनवर चढवायला आणलेत! अहो... पण त्साउन कुठाय?"

तेव्हा मंडळी, लग्नाला लवकर आलात, फार बरं केलंत. खुर्च्या मागाहून मिळतील. आधी तो खिळ्यांचा डबा द्या इकडे.