हौद्यात अडकलेला दादा

…नाही, पण मला सांगा, सगळं डब्यावरच लिहिलेलं असतं तर जगात रंगारी कशाला लागले असते? तुम्हाला सांगते, आमचा दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ… घरसामान हलवायचा धंदा आम्हा दोघांचा, पिकअप तो चालवतो, गिऱ्हाइकांचे फोन मी घेते, म्हणजे कौतुक त्याच्या वाट्याला आणि बोलणी माझ्या! तर ती पिकअप. कपाटं, फ्रीज, पलंग ओढून ओढून मागच्या हौद्याचा पत्रा पार खरवडलेला, त्यावर गंज, आणि तो गंज नेमका कुणाच्या नव्याकोऱ्या गादीला लागावा? एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या. बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं हो. पण त्या दात तपासताना बोलतात ना, तशा हळूच म्हणाल्या, "सोमवारी दवाखाना हलवायचाय. पेशंटची खुर्ची फिक्या रंगाची आहे. आधी हौदा बघेन, मग ठरवेन." आणि त्यांच्या ओळखीचे झाडून सगळे डॉक्टर त्याच नव्या इमारतीत जाणार होते, म्हणजे खुर्ची नीट पोचली तर पुढची कामं आमची, नाहीतर त्या रस्त्यावर आम्हाला कुणी उभंसुद्धा करणार नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला, हौद्याला लायनर मारून देतो, पण आठवडाभर गाडी ठेवावी लागेल. दादा तिथून थेट रंगाच्या दुकानात. येताना हातात हा एवढा डबा. लायनर म्हणजे काय, तर रबरासारखा जाडजूड काळा रंग, एकदा पत्र्याला धरला की सोडत नाही. मी विचारलं, तू कधी लावलायस का हा? तर म्हणतो, "डब्यावर लिहिलंय की सगळं."

बरं, खोटं कशाला बोलू, सुरुवात झकास केली त्यानं. हौदा साबणानं धुतला, वाळवला, पॉलिश पेपरनं असा घासला की माझे खांदे भरून आले… हो, माझे! तो घासायचं कसं ते दाखवत होता ना. गंजावर प्रायमर लावला, पाणी जायची भोकं चिकटपट्टीनं बुजवली, सगळा पत्रा थिनरनं पुसला, सढळ हातानं, बाटली रिकामी होईपर्यंत. मी म्हटलं, थोडं राहू दे, रंग कुठे सांडला तर पुसायला लागेल. "सांडेल कशाला? डब्यावर लिहिलंय की सगळं!"

मग हातमोजे चढवले, रोलर बुडवला आणि स्वारी हौद्यात. मी खाली उभी. म्हटलं, दादा, आधी केबिनकडची बाजू घे आणि मागे मागे सरकत ये. तर म्हणे केबिनकडे ऊन आहे, मागच्या फाळक्याकडे सावली आहे, सावलीतून सुरुवात करतो, रंग लवकर वाळणार नाही. आता हे सगळं इतक्या ठामपणे, की मलाच वाटलं आपल्याला काय कळतं! आणि लावला हो त्यानं! फाळका झाला, दोन्ही बाजूंच्या भिंती झाल्या, वरच्या कडा झाल्या, तळ होत होत आला, काळाभोर, एकसारखा, कुठे ओघळ नाही, मी खालून वाहवा करतेय, तो फुलतोय, फुलत फुलत मागे सरकतोय… आणि त्याची पाठ केबिनला टेकली.



पुढे ओला तळ, डावीउजवीकडे ओल्या कडा, पाठीशी केबिन. मी म्हटलं, मार उडी. तर गुडघ्यावर हात. उडी मारायची नाही असं त्याला हाडांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. मग जरा वेळानं, आवाज तोच, एखादा बेत सांगावा तसा, "चढायचं नाही असं नाही म्हणाले ते." रिकामा डबा उलटा घातला, त्यावर पाय, तिथून केबिनचं छप्पर. वर पालथा पडला, हात खाली सोडून डबा उचलून घेतला आणि उरलेला तुकडा वरूनच रोलर फिरवून पुरा केला! कामात कसूर नाही, हे मात्र म्हणायलाच हवं. मग उठला, छपरावरून चालत पुढे, काचेवरून बॉनेट, मी स्टूल धरलं, उतरला. आणि मला म्हणतो, बघ, जमलं की नाही?

मी वर बघितलं. रोलरचा ठिबकलेला रंग तळव्यांना आणि पोटाला लागलेला, त्याची पांढऱ्या छपरावर काळी पावलं. आणि सुरुवातीला पोटाचा हा एवढा गोल.

थिनर? संपलेलं. धावत जाऊन बाटली आणली, एक पाऊल घासलं, तर काळ्याबरोबर गाडीचा पांढरा रंगही निघाला. बाकीची राहू दिली.

दुसरा हात त्यानं नवा डबा आणून केबिनकडून दिला, न सांगता. हौदा नीट वाळला, आणि सोमवारी बाई आल्या. वाकून बोट फिरवलं, बोट निरखलं, काहीच नाही. खुर्ची चढली. खरबरीत रंग तो, वळणावर इंचभर सरकली नाही. उतरवल्यावर बाई म्हणाल्या, "बाकीच्या डॉक्टरांनाही तुमचंच सांगते." मी इतक्या दिवसांनी सुखानं श्वास घेतला, तेवढ्यात त्या जिना चढून वरच्या खिडकीत गेल्या. तिथून गाडीचं छप्पर दिसतं.

बराच वेळ त्या बघत होत्या. मग वरूनच, तशाच हळू, "कुणी इथून पळून गेलं का हो?"

आता फोन येतात ना, कुणी आमचं नाव घेत नाही. "ती पावलंवाली गाडी पाठवा." कामं भरपूर, देवाची कृपा. पण दादाला ते लागलंय. परवा आणखी एक डबा घेऊन आला. म्हणे छपरालाही काळंच फासून टाकतो, वर चढलं की झालं. मी काय अडवणार? म्हटलं, फास बाबा… फक्त चढायच्या आधी एवढं सांग, की उतरणार कुठून?